वाचनालयाच्या जागी 'स्किल हब': आमच्या हायस्कूलच्या व्यवस्थापन समितीस खुले पत्र

मा. अध्यक्ष, सचिव आणि व्यवस्थापन समितीचे सर्व सभासद यांस,

सप्रेम नमस्कार.

आपले परिपत्रक पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आले. पुढच्या वर्षापासून हायर सेकंडरीत कला शाखेचे नवे प्रवेश बंद. वाचनालयाच्या हॉलमध्ये 'स्किल हब'. आठवी ते दहावीचा शनिवारचा चर्चेचा तास यापुढे स्पर्धा परीक्षांच्या 'फाउंडेशन'ला. शेवटी एक ओळ, की उद्योगांना हवे तसे रोजगारक्षम विद्यार्थी घडवणे हे संस्थेचे ध्येय आहे. ग्रुपवर अंगठे पडले, कोणी हात जोडले, कोणी फुले पाठवली आणि विषय मिटला. मला तो मिटल्यासारखा वाटत नाही, म्हणून हे पत्र.

शाळेचे नाव मुद्दाम लिहिलेले नाही. ज्यांना कळायचे त्यांना कळेलच. बाकीच्यांनी आपापल्या गावच्या शाळेचे नाव घालून वाचले तरी फारसे बिघडणार नाही.

मी या शाळेचा माजी विद्यार्थी आणि आज नववीतल्या मुलीचा बाप. शाळेची जुनी इमारत उभी राहत होती तेव्हा गावातल्या इतरांबरोबर माझ्या वडिलांनीही चिरे वाहिले. गोव्यात फोंड्याच्या बाजारात माझे मोटर वाइंडिंगचे दुकान आहे. घर हाताच्या कामावरच चालते. तेव्हा 'याला कौशल्य शिक्षण नको आहे, याला नुसती पुस्तके हवीत' असे कोणी म्हणणार असेल तर त्याने आधी दुकानात येऊन माझे हात बघावेत.

त्या दुकानातलीच एक गोष्ट सांगतो. कुळागरातला, म्हणजे पोफळीच्या बागेतला, थ्री-फेज पंप जळून आला. माझ्याकडे कामाला असलेला मुलगा आयटीआय झालेला, हात सफाईदार. त्याने वाइंडिंग असे भरले की मलाही त्यात खोट काढता आली नसती. थोड्याच दिवसांत तोच पंप पुन्हा जळून परत. झाकण उघडले तर दोन फेजच्या कॉइली काळ्याठिक्कर आणि तिसरी कोरी करकरीत. स्टार जोडणीच्या मोटरमध्ये असे दिसले की समजायचे, वरून येणारी एक फेज गेली होती आणि मोटर दोनवरच ओढत राहिली. दोष वाइंडिंगमध्ये नव्हताच. तो तिकडे बागेत होता, स्टार्टरच्या खराब झालेल्या एका काँटॅक्टमध्ये. पहिल्या खेपेलाही कॉइली अशाच दिसल्या होत्या. मुलाने त्या पाहिल्या, कापल्या आणि नव्या भरल्या. 'का जळली, असे मनात आले नाही?' म्हणून विचारले तर म्हणाला, 'आले होते. पण ते माझ्या कामात येत नाही ना.' पुढे बोलता बोलता म्हणाला, शाळेत काही विचारले की 'ते पोर्शनमध्ये नाही' एवढेच उत्तर मिळायचे, मग विचारायची सवयच गेली.

मुलगा मठ्ठ नाही. बारा वर्षे त्याला उत्तराचे गुण मिळाले, प्रश्नाचा एकही नाही. ज्या उद्योगांच्या नावाने आपण हा बदल करत आहात त्या कुंडई, मडकई, बेतोड्याच्या कारखान्यांनासुद्धा असा मुलगा पुरत नाही.

पण इथेच थांबलो तर मी आपलीच फूटपट्टी हातात घेतली असे होईल. विचार करायला शिकवा, कारण त्याने मेकॅनिक चांगला होतो, एवढेच माझे म्हणणे असते तर आपण एखादा 'थिंकिंग स्किल'चा कोर्स आणून मोकळे झाला असता, वर प्रमाणपत्रही दिले असते. माझे म्हणणे त्याहून जुने आणि साधे आहे. शाळेतून बाहेर पडणारे मूल नोकरीला लागेलच, पण ते गावात राहणार आहे, मत देणार आहे, सही करणार आहे. कशावर सही करतो ते त्याला कळले पाहिजे.

आणि बाजाराला काय हवे यावर शाळा बेतायची म्हटले, तर कुठल्या वर्षीच्या बाजाराला? आपल्या तालुक्याला हे दुसऱ्याने सांगायला नको. खाणींच्या भरात उसगाव, धारबांदोडा, सांगे, डिचोलीकडच्या किती मुलांनी अकरावी-बारावी सोडून ट्रक घेतले! तेव्हा सगळ्यांचे एकच म्हणणे, शिकून काय मिळणार, खेपा मारल्या की पैसा. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या. मध्ये थोड्या सुरू झाल्या, तर फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लिजांचे, म्हणजे खाणपट्ट्यांचे, नूतनीकरण रद्द केले आणि मार्चमध्ये पुन्हा सगळे थांबले. बँकेचे हप्ते मात्र थांबले नाहीत. त्या मुलांना ट्रक चालवण्याचे कौशल्य उत्तम होते. हे खनिज कोण घेतो, किती दिवस घेणार, लीज म्हणजे काय, ती कोणाच्या नावावर, हे विचारायला त्यांना कोणी शिकवले नव्हते. ज्यांना हे ठाऊक होते त्यांनी आपले पैसे वेळीच दुसरीकडे वळवले.

आता परिपत्रकातल्या आणि परिपत्रकाबाहेरच्या तक्रारी.

पहिली भित्तिपत्रकाची. तिचा उल्लेख परिपत्रकात नाही, पण माझ्या मते सगळे तिथूनच सुरू झाले. मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेरच्या व्हरांड्यात काचेचा फलक आहे. माझ्या वेळीही होता, काच तेवढी नंतर आली. त्यावर मुले दर महिन्याला लिहीत. गेल्या पावसाळ्यात नववीतल्या एका मुलीने अर्धे पान लिहिले. मुलींच्या संडासाला मधल्या सुट्टीनंतर कुलूप असते. किल्ली कोणाकडे असते ते तिने शोधून काढले. वेगवेगळ्या वर्गांतल्या मुलींशी बोलली. काहीजणी त्यासाठी सकाळपासून पाणीच पीत नाहीत, हे लिहिले. खाली सुचवले की किल्ली शिपाईमामांऐवजी मुलींच्या मॉनिटरकडे द्यावी. कोणाचे नाव नाही, एक वाकडा शब्द नाही. पान दुसऱ्या दिवशी गायब. मुलीला बोलावून 'शाळेची बदनामी' यावर समज देण्यात आली. पुढच्या महिन्यात फलकावर फ्लेक्स लागला, दहावीला नव्वदच्या वर गेलेल्यांचे फोटो, वर 'आमचा अभिमान'. तो आजतागायत तिथेच आहे.

त्या गुणवान मुलांबद्दल माझी काहीच तक्रार नाही, फोटो जरूर लावा, भिंती पुष्कळ आहेत. पण त्या अर्ध्या पानात काय होते ते बघा. निरीक्षण, माहिती गोळा करणे, कारण शोधणे, उपाय सुचवणे. हेच विज्ञानाच्या जर्नलमध्ये लिहिले की आपण गुण देता. आणि हो, कुलूप आता निघाले आहे. किल्ली मॉनिटरकडे आहे. म्हणजे उपाय बरोबर होता, विचारणारीच तेवढी चुकीची ठरली.

दुसरी तक्रार शनिवारच्या तासाची. हा तास इतिहासाच्या एका सरांनी सुरू केला. ते आता निवृत्त आहेत, आणि त्यांना विचारून मी हे लिहीत नाही, तेव्हा त्यांच्यावर कोणी रोष धरू नये. त्यांची रीत अशी की घरी जे मत असेल त्याच्या उलट बाजूने बोलायचे. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की वेगळा संघप्रदेश राहावा, यावरचा १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल हा दरवर्षीचा विषय. माझे आजोबा पक्के विलीनीकरणवादी, आणि माझ्या वाट्याला गोवा वेगळा ठेवण्याची बाजू. मुद्दे कुठून आणायचे? सरांनी आकडे दिले. संघप्रदेशाच्या बाजूने १,७२,१९१, विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०. हे लोक असे का वागले, याचा विचार कर म्हणाले. घरी आजोबांपुढे मी तेच मुद्दे मांडले तेव्हा ते काही दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. मग स्वतःच एकेक मुद्दा खोडायला बसले, दोन मुद्दे मात्र त्यांना खोडता आले नाहीत आणि तसे ते म्हणालेही. भांडण न करता वाद घालता येतो, हे मला त्या तासाने शिकवले. पोर्तुगीज काळात लग्नाची निमंत्रणपत्रिकासुद्धा सेन्सॉरकडून तपासून घ्यावी लागत असे. त्या राज्यात वाढलेल्या माणसाला नातवाशी वाद घालताना काय वाटले असेल, हे आता कळते.

आपण म्हणाल, नागरिकशास्त्राचे पुस्तक आहे की. आहे. पण दहावीला आपण जी एनसीईआरटीची पुस्तके वापरतो, त्यातून २०२२ साली अभ्यासाचा भार कमी करायचा म्हणून लोकशाही आणि विविधता, लोकसंघर्ष आणि चळवळी, लोकशाहीपुढील आव्हाने हे धडे वगळले गेले. विज्ञानातून उत्क्रांतीचा भाग गेला. चळवळींच्या धड्यात नेपाळ आणि बोलिव्हियाची उदाहरणे होती. सर त्याच्या जोडीला केरीच्या भूतखांब पठारावरचा लढा घेत. नायलॉन ६,६ चा कारखाना तिथे येणार होता, लोक उभे राहिले, जानेवारी १९९५ मध्ये पोलिसांच्या गोळीने एका तरुणाचा जीव गेला आणि कारखाना शेवटी गोव्याबाहेर गेला. रोजगार गेला की पाणी वाचले, यावर वर्गात दोन तट पडत आणि सर निकाल देत नसत. आपल्या तालुक्यातली गोष्ट, शाळेपासून बसने जाण्याइतकी जवळ. पुस्तकातून धडा गेला, आता तासही गेला, तर आमची मुले हे कुठे ऐकणार? रील्सवर?

एक गोष्ट समितीतल्या ज्येष्ठ सभासदांना आठवण म्हणून सांगतो. विद्यार्थ्यांना बसभाडे अर्धे पडावे म्हणून झालेल्या १९७८-७९ च्या हाफ-तिकीट आंदोलनात आपल्यापैकी काहीजण होते. वार्षिक संमेलनात ते किस्से आपण रंगवून सांगता आणि मुले टाळ्या वाजवतात. ती सवलत वापरून शाळेत येणाऱ्या मुलांनी तेव्हा आपण विचारले तसे काही विचारले, तर त्यांचे पान फलकावर किती वेळ राहील?

तिसरी, वाचनालयाची. पुस्तके खोक्यांत भरून जिन्याखाली ठेवली आहेत, वर ताडपत्री. फोंड्याच्या पावसात जिन्याखालच्या पुस्तकांचे काय होते हे कुळागरातल्या माणसाला सांगायला नको. पहिली वाळवी, मग बुरशी. गोव्यात मराठी शाळा आणि वाचनालये सरकारने दिलेली नाहीत. पणजीच्या मुष्टिफंडाची सुरुवात १९०८ सालची, घराघरांतून मूठमूठ तांदूळ जमवून शाळा चालवली म्हणून ते नाव. साखवाळचे धर्मानंद कोसंबी शाळेत फारसे शिकले नव्हते. एका मराठी मासिकात बुद्धाचे चरित्र वाचले आणि त्याच्या मागे घर सोडून पुणे, काशी, नेपाळ, सिलोन असे हिंडले, पाली भाषेचे पंडित झाले. त्यांचे चिरंजीव दामोदर गणिती, आणि गणितावरून नाण्यांकडे, नाण्यांवरून इतिहासाकडे गेले. यांतले काय 'रोजगारक्षम' होते? दामोदर कोसंबींच्या नावाने गोवा सरकार २००८ पासून पणजीत विचार महोत्सव भरवत आले आहे. आपली शाळा तिथे बस भरून मुले नेते, फोटो काढते. मुलांनी परत येऊन कोसंबींचे पुस्तक मागितले तर जिन्याखालची ताडपत्री उचलायची का?

स्किल हब नको असे मी म्हणत नाही. जुनी सायकल शेड आहे, एनसीसीच्या सामानाची खोली आहे. वायरिंगचा बोर्ड, मल्टिमीटर, जुन्या मोटरी मी स्वतः देतो. पुस्तकांच्याच जागेवर का, हे कोणी सांगितलेले नाही.

चौथी, कला शाखा. विद्यार्थी कमी, अनुदानाचे निकष, शिक्षकांचा भार, हे सगळे मी समजू शकतो. पण त्या शाखेत कोण येते ते पाहा. ज्यांना ट्यूशनची फी परवडत नाही, ज्यांच्या घरातून पहिल्यांदाच कोणी बारावीपर्यंत पोचते आहे, विशेषतः आतल्या वाड्यांवरच्या मुली. त्यांना तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला जा म्हणणे म्हणजे घरी बस म्हणणे. ज्यांच्या घरी कपाटभर पुस्तके आहेत आणि जेवताना वर्तमानपत्रावर बोलणे होते, त्यांचे शाळेवाचून अडत नाही. ज्यांच्या घरी ते नाही, त्यांना विचारण्याची जागा शाळा एवढीच.

पाचवी थोडक्यात. हा निर्णय पीटीएपुढे, म्हणजे पालक-शिक्षक संघापुढे, आला नाही. शिक्षकांनाही आमच्याबरोबरच कळले.

या सगळ्याला आपण नवीन शैक्षणिक धोरणाचा आधार दिला आहे. २०२० चे ते धोरण मी वाचले, दुकानात वीज नसते तेव्हा वेळ असतो. त्यात व्यावसायिक शिक्षण आहे, सहावी ते आठवीत दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार, कलाकारांकडे जाऊन शिकणे आहे. फार चांगली कल्पना, माझ्या दुकानात मुले आली तर मला आनंदच होईल. पण त्याच धोरणात चिकित्सक विचार, चर्चा, शोध घेत शिकणे हेही पानोपानी आहे. आपण अर्धे वाचले. आणि धोरणाच्या वर संविधान आहे. वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद, शोधक वृत्ती आणि सुधारणावाद यांचा विकास करणे हे कलम ५१अ मधले मूलभूत कर्तव्य १९७६ च्या घटनादुरुस्तीने आलेले आहे. आपल्या प्रार्थनेनंतर मुले उद्देशिका म्हणतात, हे कलमही एखाद्या सोमवारी म्हणू द्या.

पालकांचाही दोष आहे, तो झाकत नाही. 'आधी पोटोबा' कोणाला सुटले आहे? कर्ज काढून मुलांना शिकवणाऱ्या बापाला पहिला पगार कधी, हे विचारण्याचा हक्क आहे. नीट आणि जेईईच्या जाहिराती बघून आम्हीच आपल्या दारात येऊन तगादा लावला, हे खरे. आपण मागणीप्रमाणे माल दिला. पण दुकान माझे आहे, आपली शाळा आहे. गिऱ्हाईक मागेल ते मी देतो, तरीसुद्धा चुकीच्या कपॅसिटरला नाही म्हणतोच.

पोटाचा प्रश्नही शेवटी कागद वाचण्याशी येऊन भिडतो. गोव्याच्या नगरनियोजन कायद्यात २०२४ साली ३९अ कलम आले. त्याखाली झोन बदलाच्या, म्हणजे जमिनीचा ठरलेला वापर बदलण्याच्या, जाहिराती निघाल्या, सर्व्हे नंबर, चौरस मीटर, हरकती-सूचनांना ३० दिवस. अशी एक जाहिरात मी माझ्या कामावरच्या मुलांपुढे ठेवली. सगळे दहावी-बारावी झालेले, काही कुशल, सगळे कमावते. सर्व्हे नंबर कोणता डोंगर आहे हे एकालाच कळले, आणि तो शेतात राबणारा म्हणून. 'हरकत' कशी लिहायची, कोणाला पाठवायची, कोणालाच माहीत नाही. ग्रामसभेत ही मुले मागे उभी राहून मोबाइल बघतात. त्यांना कोणी गप्प बसवलेले नाही, बोलायचे कसे तेच माहीत नाही. डोंगर विकला गेला की पाणी जाते, पाणी गेले की कुळागर, आणि कुळागर गेले की माझे पंपही.

म्हणून आमच्या मागण्या अशा. आमच्या म्हणतो, कारण मसुदा वाचून काही माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी संमती दिली आहे.

कला शाखेचे प्रवेश निदान पुढच्या दोन वर्षांसाठी चालू ठेवावेत आणि त्या काळात विद्यार्थी वाढवण्याचा खरा प्रयत्न व्हावा. माजी विद्यार्थी वाड्यावाड्यांवर फिरायला तयार आहोत.

वाचनालय पावसाआधी पूर्वीच्या जागी आणावे. स्किल हबसाठी दुसरी खोली बघावी.

शनिवारचा तास परत द्यावा. फाउंडेशनचे वर्ग ज्यांना हवेत त्यांच्यासाठी शाळा सुटल्यावर घ्यावेत.

भित्तिपत्रकाचा फलक मुलांना परत करावा. शिवीगाळ नको, खोटे नको, कोणाच्या खाजगी आयुष्याबद्दल नको, हे तीन नियम पुरेत. पान काढायचे झाले तर कारण त्याच फलकावर लिहावे. त्या मुलीला दिलेली समज मागे घेतल्याचे तिच्या पालकांना लेखी कळवावे.

आणि पुढचा कोणताही असा निर्णय पीटीएच्या सभेत, कागदपत्रांसह, आधी मांडावा.

या पत्राचे उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर नको, लेखी हवे, आणि पीटीएची खास सभा शाळा सुरू होण्यापूर्वी बोलवावी. सभेत आपली बाजू पटली तर तसे याच ठिकाणी, याच जागेत लिहीन. रविवारी संध्याकाळी ठेवली तर बरे, आमच्यातल्या बहुतेकांना तेव्हाच सवड असते.

आपला नम्र,
एक माजी विद्यार्थी आणि पालक
फोंडा तालुका